ब्याण्णव बाइटांची मोहीम

श्री

अखंडित-वातानुकूलित, सकलसहीसंपन्न, राजमान्य राजेश्री थोरले साहेब यांचे सेवेसी, आज्ञाधारक बैठकनवीस, जो बैठकांत कोण काय बोलले ते टिपोन ठेवितो आणि ज्यास त्याच बैठकांत चहा विचारावयाचा राहोन जातो, कर जोडोन विनंती करितो ऐसीजे. साहेबीं आज्ञा केली कीं औषधाच्या डबीची जी मोहीम जाहली तिची हकीकत वार्षिक अहवालात घालावयाची आहे, तरी साद्यंत लिहोन पाठवणे, फार लांबवू नये. आज्ञा शिरसावंद्य. परंतु मोहीम पाच दिवसांची आणि त्यांत बैठका नऊ, तेव्हा थोडके लांबले तर कसूर सेवकाची मानू नये, बैठकांची मानावी.

प्रथम मुलखाचे वर्णन. आपली कंपनी औषधाची डबी करिते. डबी तळहाताएवढी, तीस सात वारांची सात झाकणे, वर दोन ओळींचा पडदा आणि पोटात भोंगा. गोळीची वेळ जाहली की भोंगा वाजतो, पडद्यावर हुकूम उमटतो, मग आजारी माणूस त्या वाराचे झाकण उघडोन गोळी घेतो. डबी जी जी वाक्ये पडद्यावर दाखविते ती सर्व एका फाइलीत कोंडलेली, आणि त्या फाइलीस कचेरीत पोथी म्हणतात. पोथीस नेमून दिलेली जागा चार हजार शहाण्णव बाइट, त्याउपर एक बाइट मिळणे नाही. बाइट हे जागेचे माप. आणि आपल्या लिपीतील एकेक अक्षर, एकेक काना आणि एकेक वेलांटी ही प्रत्येकी तीन तीन बाइट अडवोन बसतात. पोथीच्या आरंभी क्रमांकांचे कोष्टक, आणि मग एकसष्ट वाक्ये एकास एक खेटून, मधे सुई शिरावयास फट नाही. डबीस वाक्ये ठाऊक नसतात, क्रमांक मात्र ठाऊक असतात. भोंगा वाजला की विसावे दाखवणे, झाकण उघडले की सत्तावन्नावे दाखवणे, येणेप्रमाणे ती बिनबोभाट चाकरी करिते. सर्व वस्ती जाहल्यावर शेवटी मोकळी जमीन उरली ती सतरा बाइट. तीत 'गोळी' एवढा शब्द मावतो, पण ती घ्यावी की न घ्यावी हे सांगावयास जागा उरत नाही.

या पोथीची राखण राजश्री चिमटीबाई यांजकडे. खरे नाव हजेरीपटावर आहे, परंतु हजारो ओळींतून एक चुकीची ओळ चिमटीत धरोन बाहेर काढावी ही बाईंची हातोटी, म्हणोन कचेरीने हे नाव दिले. अकरा वर्षे जाहली, नाव मिळाले, बढती मिळाली नाही. मेज झेरॉक्सच्या यंत्राशेजारी, त्यामुळे उजवा कान सदा तापलेला. स्वभाव शांत, पण एकदा नाही म्हटले की मग हत्ती लावोनही हो म्हणावयाच्या नाहीत.

आता युद्धास कारण काय पडले ते. चिमटीबाईंस मावशी आहेत. बाईंची आई लवकर गेली, तेव्हा याच मावशींनी लोकांचे कपडे शिवोन भाचीस वाढविली, शिकविली आणि कंपनीच्या दारापर्यंत आणोन सोडिली. वय अठ्ठ्याहत्तर. तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, खिडकीपाशी शिवणाचे मशीन, आणि अद्यापि दोन घरची कामे हाती. एकट्या कशा राहता म्हणोन कोणी पुसले तर म्हणतात, "एकटी कुठे? मशीन आहे की." रक्तदाबाची गोळी रोज सकाळी एक, आणि ती आपल्याच कंपनीच्या डबीतून, कारण भाची तेथे चाकरीस.

मावशींचे चिरंजीव दुसऱ्या शहरी असतात. ते रोज सकाळी फोन करोन गोळी घेतली का म्हणोन पुसतात. शनिवारी असाच फोन आला आणि मावशींनी घेतली म्हणोन सांगितले, परंतु फोन ठेविल्यावर मनात किंतु आला की खरेच घेतली की कालचे आठवते आहे. मग खात्री असावी म्हणोन पुढील झाकण उघडोन आणखी एक घेतली. डबीने झाकण उघडल्याचे पाहिले आणि सत्तावन्नावे वाक्य दाखविले, "धन्यवाद". अर्ध्या तासाने मावशींस घेरी आली, मोरीपाशी पडल्या, कपाळास तीन टाके.

चिमटीबाई धावोन गेल्या. मावशी खाटेवर बसोन म्हणाल्या, "अगं, डबीच धन्यवाद म्हणाली. मला वाटलं, बरोबर चाललंय."

हे ऐकोन बाईंचा चेहरा उतरला, कारण ते वाक्य सत्तावन्नाव्या ठिकाणी त्यांनीच आपल्या हाते बसविले होते. रात्री चिरंजीव येऊन पोहोचले. गृहस्थ वाईट नव्हे, घाबरलेला. म्हणाला, "मी रोज फोन करतो, ती रोज बरं आहे म्हणते. आता बास. पुढच्या रविवारी येतो आणि घेऊन जातो. खोल्यांना कुलूप." मावशी उठल्या. मशीनवर आच्छादन घातले, मग काढिले, मग पुन्हा घातले. चिमटीबाईंनी भावास वचन मागितले कीं रविवारपावेतो डबी सुधारोन दाखविली तर मावशींस हलवू नये. त्याने मोठ्या नाखुषीने मान डोलविली. येणेप्रमाणे युद्ध ठरले.

उपाय बाईंस ठाऊक होता. कोणते झाकण कधी उघडले हे डबीस कळतेच, फक्त सांगावयास वाक्य नाही. ते वाक्य बाईंनी रविवारी घरी बसोन रचिले, ते ऐसे: "आजची गोळी घेतली आहे, पुन्हा घेऊ नका". अक्षरे, काने, मात्रा, स्वल्पविराम आणि शेवटाची खूण धरोन मोजले, भरले ब्याण्णव बाइट. मोकळे सतरा. आणि शुक्रवारी पाच वाजता पोथी कारखान्यात रवाना व्हावयाची, तेथे तिजवर मोहर होणार, त्यानंतर वर्षभर दरवाजा बंद. एकट्या मावशींच्या डबीत गुपचूप घालावे तर मोहरेवाचोन आलेली पोथी कचेरीतील तपासणीच्या डबीखेरीज कोणतीच डबी तोंडात घेत नाही. ऐसा पेच पडला.

सोमवारी चिमटीबाईंनी मधले साहेब यांजकडे अर्ज केला. मधले साहेब हे थोरल्या साहेबांच्या खाली आणि बाकी सर्वांच्या वर. वरून आले ते खाली पाठविणे आणि खालून आले ते दाबून ठेवणे हा यांचा कारभार, आणि तो त्यांनी आजवर अव्वल चालविला आहे. त्यांनी अर्ज पाहिला, बैठक बोलाविली, बैठकीत दुसरी बैठक ठरविली, आणि दुसरीत पुसले कीं इंग्रजीत लिहिल्यास एका अक्षरास एकच बाइट लागते, तर तसे का न करावे. चिमटीबाई म्हणाल्या, मावशींस इंग्रजी येत नाही. साहेब म्हणाले, चित्र काढावे. बाई म्हणाल्या, चित्रास याहून जास्त जागा लागते. साहेब म्हणाले, तर मग नुसताच भोंगा दोनदा वाजवावा. बाई म्हणाल्या, दोनदा वाजला की मावशी दोन गोळ्या घेतील. तेव्हा साहेबांनी घड्याळ पाहिले आणि हुकूम दिला कीं नवी जागा मिळणे नाही, असलेल्या पोथीत जी वाक्ये निकामी असतील ती काढोन जागा होत असेल तर करावी, आणि प्रत्येक वाक्याच्या बडतर्फीस सही घ्यावी.

मंगळवारी पाहणी जाहली. बाईंस मदतीस खोडीकाका. हे डबी तपासणारे, तीस वर्षे दुसऱ्याच्या कामात खोड काढणे हीच रोजी, आणि निवृत्तीस सात महिने राहिल्याने भीडभाड उरलेली नाही. दोघांनी एकसष्टांची हजेरी घेतली. कोणत्या क्रमांकास डबी कधी हाक मारते ते तपासले, आणि ज्यास कोणीच हाक मारीत नाही त्याच्या नावापुढे फुली केली. तेव्हा चार असामी निघाले, जे वर्षानुवर्षे जमीन खाऊन बसले आणि चाकरी काडीची नाही.

पहिला बाराव्या क्रमांकाचा, "नंतर". नऊ वर्षांमागे कोणी एका हुशार गृहस्थाने येथे काय लिहावे हे न सुचल्याने नंतर लिहू या बेताने एवढेच लिहोन ठेविले, आणि पुढे तो गृहस्थ मोठ्या हुद्द्यावर दुसऱ्या कंपनीत गेला. त्याचे नंतर येथेच राहिले. दुसरा तिसावा, "चाचणी", ज्याची चाचणी संपोन तप लोटले. तिसरा चव्वेचाळिसावा, "कागद भरा". डबीस कागद छापण्याचे यंत्र जोडावे ऐसी मसलत एके काळी निघाली होती. यंत्र आले नाही, कागद आला नाही, हुकूम मात्र तयार होता. या तिघांस हाकलिले तर बावन्न बाइट सुटत, आणि मोकळ्या सतरांसह एकोणसत्तर होत. पाहिजेत ब्याण्णव. तेवीस उणे.

चौथा असामी साठावा. त्याची जागीर चारशे बारा बाइट. तो खासा थोरल्या साहेबांचा ग्राहकवर्गास संदेश. तीन बटणे एकदम दाबिली असता तो पडद्यावर यावा ऐसी योजना होती, परंतु पुढे खर्च वाचवावा म्हणोन तीनपैकी एक बटण काढिले, तेव्हापासोन त्या संदेशास हाक मारणारा जगात कोणी उरला नाही. खोडीकाकांनी फुली केली. चिमटीबाईंनी यादी मधल्या साहेबांपुढे ठेविली. साहेबांनी पहिल्या तिघांपुढे झपाट्याने सही केली आणि चौथ्यापाशी लेखणी अशी थांबली की जणू पुढे विहीर आहे.

"हे वापरात नाही म्हणजे?" साहेब हळू आवाजात म्हणाले.

"कोणी वाचू शकत नाही," बाई म्हणाल्या.

"वाचत नाही ते ठीक. पण आहे ना? असू दे."

चौथी बैठक तेथेच मोडली. मग साहेबांनी तोड सुचविली कीं आपलेच वाक्य आखूड करावे. "आजची" काढा, "आहे" काढा, उरते ते "गोळी घेतली, पुन्हा घेऊ नका", आणि ते मोजता बरोबर एकोणसत्तर, एक बाइट कमी नाही की जास्त नाही. साहेब इतके खुश जाहले की त्यांनी स्वतः टाळी वाजविली. सेवक साहेबांस सांगतो, हिशेब अचूक होता. त्या हिशेबात मावशी तेवढ्या नव्हत्या.

सायंकाळी चिमटीबाई कागदाच्या चिठ्ठ्या घेवोन मावशींकडे गेल्या आणि एकेक दाखविली. "पुन्हा घेऊ नका" वाचोन मावशी म्हणाल्या, "काय पुन्हा घेऊ नका? श्वास?" मग एकोणसत्तर बाइटांची चिठ्ठी दाखविली. मावशींनी चष्मा सारखा केला, दोनदा वाचिली, आणि म्हणाल्या, "घेतली ना. काल घेतली. तेच सांगतेय ना ही? मग आजची घेऊ का?"

बाईंनी ती चिठ्ठी बाजूस ठेविली. मग ब्याण्णवांची दाखविली. मावशींनी वाचिली आणि चिठ्ठी परत दिली. "हां. मग नाही घेत. एवढं सरळ सांगायला काय होतं तुमच्या डबीला?"

परत येताना जिन्यात बाईंस रडू आले हे सेवक लिहीत नाही, कारण अहवालात ते शोभत नाही. पण आले.

बुधवारी पाचवी आणि सहावी बैठक. चिमटीबाईंनी सांगितले कीं "आहे" एक वेळ सोडीन, "आजची" सोडणे नाही. तो एक शब्द गेला तर वाक्य असोन नसोन सारखे, किंबहुना नसलेले बरे. मधले साहेब म्हणाले, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या एका बाईसाठी सबंध पोथी हलवावयाची काय. खोडीकाका कोपऱ्यातून म्हणाले, "आपली डबी पंचविशीतली माणसं घेतात का साहेब?"

मग साहेबांनी विषय फिरविला. तीन वाक्ये निघाली हीच मोठी फत्ते, ती थोरल्या साहेबांस गुरुवारी दाखवावी ऐसे त्यांच्या मनाने घेतले. भिंतीवर आकडा लावावयाचा, पूर्वी एकसष्ट, आता अठ्ठावन्न. चिमटीबाई दचकल्या. त्यांनी नीट समजावोन सांगितले कीं वाक्याचा मजकूर पुसावा, परंतु त्याचा क्रमांक जागेवर रिकामा ठेवावा. माणूस काढिला तरी खुर्ची हलवू नये. कारण क्रमांक काढिला तर मागील सर्व एकेक पायरी पुढे सरकतील, आणि डबीने एकास हाक मारिली असता दुसराच उठोन उभा राहील.

साहेब म्हणाले, "नुसती जागा रिकामी केली तर आकडा एकसष्टच दिसणार. मग आपण केलं काय?"

बाईंनी लेखी हरकत दिली. साहेबांनी तिजवर "पाहिले" ऐसी सही केली आणि तीन क्रमांक समूळ काढण्याचा हुकूम सोडिला. हुकूम अंमलात आला. गुरुवारी सकाळी खोडीकाकांनी डबी चालवोन पाहिली, तो जे व्हावयाचे तेच जाहले. त्यांनी दोषांच्या वहीत लाल शाईने लिहिले कीं बाराव्यापासोन पुढे एकूण एक वाक्य चुकीचे येते, डबी लोकांत नेऊ नये. मधल्या साहेबांनी वही मागविली आणि नोंदीपुढे शेरा मारिला, "किरकोळ".

गुरुवार, दुपारचे तीन. थोरल्या साहेबांची स्वारी मोठ्या दालनात दाखल जाहली. भिंतीवर एकसष्ट आणि अठ्ठावन्न हे आकडे हातभर उंचीचे. मधल्या साहेबांनी ऐसे भाषण केले कीं आपण पोथीतील निरुपयोगी भार निपटोन काढिला, हे सर्व थोरल्या साहेबांच्या दृष्टीमुळे. मग डबी थोरल्या साहेबांच्या हाती दिली आणि वेळ लाविली. भोंगा वाजला. आता पडद्यावर यावे विसावे वाक्य, "झाकण उघडा". बारावा असामी गेल्याने विसाव्याच्या खुर्चीत एकविसावा येऊन बसलेला, तेव्हा उमटले, "झाकण बंद करा".

साहेबांनी झाकण पाहिले. ते बंदच होते. त्यांनी ते दाबिले. भोंगा वाजतच राहिला. मधले साहेब हसत म्हणाले, उघडावे, उघडावे. साहेबांनी उघडिले. आता यावे सत्तावन्नावे, "धन्यवाद". परंतु तीन जण मागे गळाल्याने सत्तावन्नाव्या खुर्चीत मूळचा साठावा येऊन विराजमान जाहला होता. आणि जो संदेश कित्येक वर्षे कोणा मनुष्याने पाहिला नव्हता तो चारशे बारा बाइटांच्या लवाजम्यासह डुलत डुलत पडद्यावर चालता जाहला. वृद्धांस वाचता यावे म्हणोन दर तीन सेकंदांस एकेक अक्षर सरके. वाक्य पुरे होईपावेतो डबी बटण ऐकत नाही आणि भोंगा थांबवीत नाही, हा तिचा जन्माचा शिरस्ता.

"आपल्या आरोग्याच्या उत्तुंग वाटचालीत आम्ही..." इतके येण्यास दोन मिनिटे लागली. भोंगा चालू. थोरले साहेब प्रथम कौतुकाने वाचीत होते, मग धीराने, मग ओठ घट्ट करोन. चौथ्या मिनिटास त्यांनी पुसले, "हे कोणी लिहिलंय?" मधल्या साहेबांनी पाण्याचा पेला उचलिला आणि रिकामा असताही प्यायले. साहेबांनी एक बटण दाबिले, मग दुसरे, मग दोन्ही. संदेश "विनम्र सहप्रवासी" येथवर पोहोचला होता. कोणी म्हणाले बॅटरी काढावी, पण तिला चार स्क्रू, आणि पेचकस खोडीकाकांच्या खिशात. काकांनी आधी उजवा खिसा पाहिला, मग डावा, मग चष्मा शोधावयास घेतला.

पाचव्या मिनिटास थोरल्या साहेबांचा धीर सुटला. डबी मेजावर आपटोन त्यांनी उच्चारले ते शब्द सेवकाने त्याच क्षणी टिपिले, ते जसेच्या तसे:

"बंद करा हे! काय बडबड आहे ही? काढून टाका!"

चिमटीबाई पुढे जाहल्या. अकरा वर्षांत त्या थोरल्या साहेबांशी प्रथमच बोलल्या. "हा संदेश काढू, साहेब? पोथीतून? कायमचा?"

"काढा म्हणतोय ना! आजारी माणसाला हे कोण वाचायला लावतं?"

वेळ तीन वाजोन सोळा मिनिटे. उरलेली दोन मिनिटे सर्वांनी उभ्याने काढिली.

स्वारी गेल्यावर मधले साहेब सेवकाकडे आले आणि खांद्यावर हात ठेवोन म्हणाले कीं साहेबांचा रोख भोंग्यावर होता, संदेशावर नव्हे, इतिवृत्त तसे दुरुस्त करावे. सेवक पंधरा वर्षे असली दुरुस्ती करीत आला आहे. कोणी ओरडले तेथे "सूचना केली" लिहिले, कोणी झोपले तेथे "सहमती दर्शविली" लिहिले. त्या दिवशी मात्र मावशींच्या कपाळीचे टाके कोण जाणे कोठून डोळ्यांपुढे आले, आणि सेवकाने इतिवृत्त जसेच्या तसे सर्वांस रवाना करोन दिले. थोरल्या साहेबांसही दिले. साहेबांस ते वाचोन राग आला असल्यास त्यांनी तो कळविला नाही.

शुक्रवारी सकाळी नऊपासोन चिमटीबाईंनी मोर्चे लाविले. प्रथम हाकललेले तीन क्रमांक परत आणिले आणि रिकाम्या खुर्च्या जागेवर मांडिल्या, तेव्हा बाकी सर्व आपापल्या ठिकाणी परतले. मग "नंतर" पुसले, "चाचणी" पुसली, "कागद भरा" पुसले, आणि शेवटी तो साठावा, थोरल्या साहेबांच्या तोंडच्या फर्मानाने, एका फटक्यात उडविला. जागा झाली चारशे एक्क्याऐंशी बाइट. मग बाराव्या रिकाम्या खुर्चीत नवे वाक्य बसविले, "आजची" सकट आणि "आहे" सकट, आणि एकाच दिवशी दुसरे झाकण उघडता बाराव्यास हाक मारावी ऐसी डबीस ताकीद दिली. खोडीकाका एकसष्टांची एकूण एक तपासणी करावयास बसले. जेवावयास उठले नाहीत. त्यांनी चार वेळा खोड काढिली, चारही वेळा खरी निघाली, आणि बाईंनी चारही वेळा मुकाट्याने सुधारिली. साडेचारास काकांनी वही मिटली आणि म्हणाले, "मला काही सापडत नाही. वय झालं बहुतेक."

चार वाजोन चाळीस मिनिटांनी पोथी कारखान्यात रवाना जाहली. चार पन्नासास मधले साहेब लगबगीने आले, हाती कागद. एवढी मोकळी जागा पडीक का ठेवावी, त्यांत आपल्या विभागातर्फे चार ओळी शुभेच्छा घालाव्या, मजकूर तयार आहे. बाईंनी कागद नम्रपणे घेतला, नीट वाचिला, आणि पोथी गेल्याचे सांगितले. साहेब म्हणाले, परत मागवा. बाई म्हणाल्या, मोहर झाली. वर्षभर दार बंद.

शनिवारी कारखान्यातून मोहर जाहलेली पोथी आली, ती मावशींच्या डबीत चढविली. रविवारी सकाळी चिरंजीव आले, हाती रिकामी बॅग. चिमटीबाई आधीच येऊन बसलेल्या, कारण पोथी चालेल हे त्यांस ठाऊक होते, मावशींचे काय होईल ते ठाऊक नव्हते. मावशींनी आठ वाजता गोळी घेतली, दोघांच्या देखत. मग चहा जाहला, मग लेकाने घराचा विषय काढिला, तिकडे खोली मोठी आहे, ऊन येते, मशीनही नेता येईल. मावशी ऐकत होत्या आणि हात मांडीवर घासत होत्या. बोलता बोलता लेक सवयीने पुसोन गेला, "गोळी घेतलीस ना?"

मावशींचा चेहरा गोंधळला. उठल्या, डबीपाशी गेल्या. लेक उठणार, तो चिमटीबाईंनी त्याचे मनगट धरिले आणि सोडिले नाही. मावशींनी पुढील वाराचे झाकण उघडिले. गोळी चिमटीत आली. मग पडद्यावर अक्षरे उमटली. मावशींनी चष्मा कपाळावरोन खाली घेतला, टाक्यांस लागला तेव्हा "स्स" केले, आणि ओठ हलवीत वाचिले. गोळी परत ठेविली. झाकण लाविले. मग लेकाकडे वळोन म्हणाल्या:

"ही सांगते बघ. तू विचारलंस की मला वाटतं, मी चुकले. ही विचारत नाही, नुसतं सांगते. राग नाही येत."

लेकाने डबी हाती घेवोन पडदा वाचिला. मग म्हणाला, "फोनवर दुसरं काय विचारू मग?"

"काय शिवतेयस ते विचार. ते कोणी विचारतच नाही."

दुपारी जेवण जाहले. बॅग रिकामी आली तशी रिकामी परत गेली.

येणेप्रमाणे मोहीम सिद्धीस गेली. निकामी वाक्ये बडतर्फ जाहली ती चार: त्यांत हलकी तीन, आणि एक भारी जे हलविण्याची कोणाची छाती नव्हती. कामास लागले ते एक. पोथीत पडीक राहिले तीनशे एकोणनव्वद बाइट, ते पुढे ज्या आजारी मनुष्यास वाक्याची गरज पडेल त्याजकरिता राखोन ठेविले आहेत, त्यांवर कोणी साहेबाने नजर ठेवू नये ही अर्जदास्त. जखमी कोणी नाही, मधल्या साहेबांच्या भिंतीवरील आकडा मात्र एकसष्टचा एकसष्टच आहे. चिमटीबाईंस बढती अद्यापि नाही, त्याचा विचार बैठकीत व्हावयाचा आहे, बैठक ठरलेली नाही.

मावशी आपल्या घरी आहेत. बहुत काय लिहिणे.